खरेदीनंतरचा संगणक : प्रस्तावना

शाळेतील संगणकाचा विचार महाराष्ट्रात आजवर बहुधा दोनच अंगांनी झाला आहे. एक अंग अध्यापनाचे, म्हणजे संगणकामुळे मुले अधिक चांगली शिकतात का आणि शिकत असल्यास कोणत्या विषयात शिकतात, हे पाहण्याचे. दुसरे अंग खरेदीचे, म्हणजे कोणत्या योजनेतून किती शाळांना किती यंत्रे मिळाली आणि किती शाळा अद्याप बाकी आहेत, हे मोजण्याचे. या दोहोंच्या मधला, रोज सर्वांच्या डोळ्यांसमोर असूनही लेखनाचा विषय क्वचितच झालेला भाग म्हणजे संगणक शाळेत उतरल्यापासून त्याचे निर्लेखन होईपर्यंतची, अर्थात नोंदवहीतून तो रीतसर कमी केला जाईपर्यंतची, आठ-दहा वर्षे होत. शाळेचा पैसा प्रत्यक्षात या वर्षांत झिरपत जातो आणि वाचला तर तोही याच वर्षांत वाचतो. प्रस्तुत पुस्तकाचा विषय ही मधली वर्षे हा आहे.

भारतीय शाळांत संगणक पोहोचवण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९८४-८५ साली केंद्र शासनाच्या ‘क्लास’ या प्रकल्पाने झाला आणि त्यासाठी बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश बनावटीचे संगणक निवडण्यात आले. पुढे डिसेंबर २००४ मध्ये ‘आयसीटी अ‍ॅट स्कूल्स’ ही केंद्रपुरस्कृत योजना सुरू झाली, २०१० साली तिची फेरमांडणी झाली आणि २०१८ पासून ती समग्र शिक्षा या व्यापक योजनेत सामावली गेली. महाराष्ट्रात ही योजना टप्प्याटप्प्याने हजारो माध्यमिक शाळांत राबवली गेली ती ‘बूट’ या तत्त्वावर; ठेकेदाराने प्रयोगशाळा उभारावी, ठरावीक वर्षे तिची मालकी आणि चालकी आपल्याकडे ठेवावी आणि मुदत संपली की सारे सामान शाळेच्या हवाली करावे, असा या तत्त्वाचा अर्थ. कागदावर ही रचना निर्दोष दिसते, परंतु मुदत संपली तेव्हा शाळेच्या वाट्याला यंत्रे आली आणि ती चालवणारा ठेकेदाराचा माणूस निघून गेला, हे तिचे खरे फलित अनेक ठिकाणी दिसले. ज्या वर्षी यंत्रे जुनी होऊन दुरुस्ती मागू लागतात, नेमक्या त्याच वर्षी त्यांचा जाणकार शाळेतून बाहेर पडावा, हा योगायोग नव्हता; कराराची मांडणीच तशी होती. कुलूपबंद संगणक कक्ष हे दृश्य शिक्षकांच्या अनास्थेचे लक्षण म्हणून रंगवले जाते. त्यातील बराचसा भाग या मांडणीच्या खात्यावर टाकणे अधिक न्याय्य ठरेल.

खर्चाचा विचार करण्यासाठी व्यवस्थापनशास्त्राने एक संकल्पना दिली आहे, तिला मराठीत ‘मालकीचा एकूण खर्च’ म्हणता येईल. गार्टनर या अमेरिकी संशोधनसंस्थेने १९८७ च्या सुमारास ती कार्यालयीन संगणकांना लावली. वस्तूच्या किमतीत तिची बसवणूक, वीज, सुटे भाग, आज्ञावलींचे परवाने, वापरणाऱ्यांचे प्रशिक्षण, बंद पडल्याने वाया गेलेले तास आणि शेवटी विल्हेवाट यांचा खर्च मिळवला म्हणजे जो आकडा येतो तो मालकीचा एकूण खर्च. म्हशीची किंमत आणि म्हशीचा खुराक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. शाळेच्या अंदाजपत्रकात मात्र किमतीसाठी योजना असते आणि खुराकासाठी बहुधा काहीच नसते. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पाचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. शंभर डॉलरचा लॅपटॉप म्हणून गाजलेले ते यंत्र २००७ मध्ये प्रत्यक्ष उत्पादनाला गेले तेव्हा त्याची किंमत १८८ डॉलरच्या आसपास पोहोचली होती. त्याच वर्षी रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात येथील छोट्या शाळेत त्याचा भारतातील पहिला प्रयोग झाला. या प्रकल्पाविषयी जगभर झालेली चर्चा शंभर आणि एकशे अठ्ठ्याऐंशी या दोन आकड्यांमधल्या अंतराभोवती फिरली. वास्तविक चार्जर जळाला तर तो कोठून आणायचा, या प्रश्नाभोवती ती फिरायला हवी होती.

या पुस्तकात ‘तंत्र-कर्मचारी’ हा शब्द वारंवार आला आहे आणि त्याचा महाराष्ट्रातील अर्थ आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण या नावाचे पद बहुतेक शाळांत अस्तित्वातच नाही. मोठ्या शहरांतील खाजगी शाळांत संगणक-प्रशासक म्हणून पगारी माणूस असतो. बाकी सर्वत्र हे काम ज्याच्या अंगावर पडते तो गणिताचा, विज्ञानाचा किंवा क्वचित चित्रकलेचा शिक्षक असतो. त्याला पूर्वी एकदा कोणाच्या तरी मोबाइलमधली बिघडलेली गोष्ट दुरुस्त करताना मुख्याध्यापकांनी पाहिलेले असते. शासकीय परिभाषेत त्याला ‘तंत्रस्नेही शिक्षक’ म्हणतात. यू-डायस प्लसची माहिती, सरल प्रणालीवरील विद्यार्थ्यांच्या नोंदी, शालार्थवरील वेतनदेयके आणि पोषण आहाराची दैनंदिन आकडेवारी यांतील बहुतेक भरणा त्याच्या किंवा लिपिकाच्या हातून होतो आणि वर मुद्रकात कागद अडकला की हाकही त्यालाच येते. त्याच्या या तासांना कोणी किंमत लावत नाही, म्हणून ते कोणत्याही हिशेबात दिसत नाहीत. आणि हिशेबात दिसत नाहीत म्हणूनच शाळेला ते फुकट वाटतात. मालकीच्या एकूण खर्चातील सर्वांत मोठी रक्कम हीच आहे, असे प्रस्तुत पुस्तकाचे प्रतिपादन आहे. बचतीच्या ज्या युक्तीने चार पैसे वाचतात पण या शिक्षकाची एक दुपार जाते, ती युक्ती पुस्तकाने बचत मानलेली नाही.

बचतीची सुरुवात दुकानात होत नाही, ती वहीत होते. प्रत्येक शाळेत जडवस्तू संग्रह नोंदवही असते, तिला बोलीत सगळेच डेडस्टॉक रजिस्टर म्हणतात. बाके, कपाटे, घंटा, तराजू यांच्या ओळीत संगणकही तेथे नोंदलेला असतो. परंतु त्या नोंदवहीचा हेतू वस्तू चोरीला गेली नाही एवढे दाखवण्याचा आहे, त्यामुळे तिच्यात ‘संगणक संच, नग १०’ आणि एकूण रक्कम यापलीकडे काही नसते. त्या दहांपैकी कोणत्यात चार जीबी रॅम आहे, म्हणजे काम चालू असताना माहिती तात्पुरती धरून ठेवणारी स्मृती किती आहे, कोणत्याची हमी कधी संपते, कोणाचा वीजपुरवठा-संच मागील वर्षी बदलला, हे त्या नोंदवहीला विचारण्यात अर्थ नाही. म्हणून दुसरी वही हवी. प्रत्येक यंत्राला एक क्रमांक, तो यंत्राच्या अंगावर रंगाने लिहिलेला आणि वहीत त्या क्रमांकाचे एक पान, इतकीच तिची रचना. शंभर रुपयांची ही वही दोन वर्षे इमानाने भरली गेली, तर वार्षिक देखभाल करार करावा की नाही, केला तर कोणत्या यंत्रांचा करावा, दर वेळी तीच तक्रार घेऊन येणारे यंत्र कोणते, याची उत्तरे तिच्यातूनच मिळू लागतात. अशी वही संगणकावर ठेवण्याचा मोह सर्वांना होतो, परंतु संगणक बंद पडला की तिची गरज लागते, ही अडचण लक्षात घेता कागद बरा.

वही का हवी, हे एका क्षुल्लक घटकावरून नीट कळते. प्रत्येक संगणकाच्या मुख्य पटलावर, म्हणजे मदरबोर्डवर, रुपयाच्या नाण्यापेक्षा किंचित कमी रुंद आणि बरीच जाड अशी एक चपटी विजेरी बसवलेली असते. तिच्यावर सीआर२०३२ असे लिहिलेले असते आणि तिचा दाब तीन व्होल्ट असतो. वीज बंद असताना यंत्रातील घड्याळ चालू ठेवणे, एवढेच तिचे काम. ज्या यंत्राला चोवीस तास वीज मिळते त्यात हा भार मुख्य पुरवठा उचलतो आणि विजेरी अनेक वर्षे टिकते. शाळेत मात्र सुरक्षिततेसाठी संध्याकाळी मुख्य खटका पाडण्याची पद्धत असते आणि उन्हाळी सुट्टीत तर सारा कक्ष दीड महिना निद्रिस्त असतो, त्यामुळे ती लवकर संपते. ती संपली की यंत्र प्रत्येक सकाळी एखाद्या जुन्या वर्षाच्या १ जानेवारीला जागे होते. आता सुरक्षित संकेतस्थळ उघडताना न्याहाळक, म्हणजे ब्राउझर, त्या स्थळाचे प्रमाणपत्र आजच्या तारखेस वैध आहे का हे पडताळून पाहतो. यंत्राच्या मते आज जुनेच वर्ष चालू असल्याने पुढील काळात दिले गेलेले प्रमाणपत्र त्याला खोटे वाटते आणि तो दार उघडत नाही. खुर्चीवर बसलेल्या शिक्षकाला मात्र एवढेच दिसते की सरल उघडत नाही. मग नेट गेले असे ठरते, राउटर बंद-चालू केला जातो, जोडणीवाल्याला फोन जातो, त्याच्याकडून नेट चालू असल्याचा निर्वाळा मिळाला की तंत्रज्ञ येतो आणि घाईत असेल तर सबंध यंत्र पुसून प्रणाली नव्याने बसवून जातो. त्यानंतर संध्याकाळपर्यंत यंत्र चालते, कारण नव्याने बसवताना तारीख दुरुस्त झालेली असते, आणि मुख्य खटका पुन्हा पडला की पुन्हा तेच. काही दहा रुपयांच्या विजेरीपायी दोन फेऱ्यांचे पैसे आणि कोणाची तरी साठवलेली कागदपत्रे जातात. यंत्राच्या कोपऱ्यातील तारखेकडे आधी पाहावे, असे एक वाक्य भिंतीवर लावलेले असते तर हे टळले असते. आणि वहीत एकदा ‘विजेरी बदलली, जून’ असे लिहिलेले असते तर पुढच्या वेळी कोणी शोधतही बसले नसते.

आज शाळांपुढे असलेला सर्वांत निकडीचा प्रश्न प्रणालीच्या वयाचा आहे. प्रणाली, अर्थात यंत्राचा सारा कारभार पाहणारी मूळ आज्ञावली, तिच्या निर्मात्याकडून ठरावीक काळच सुरक्षा-दुरुस्त्या मिळवते. विंडोज एक्सपीचा हा काळ ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. पहिल्या दोन वेळी जुन्याच यंत्रावर नवी प्रणाली कशीबशी चढवता येत असे. विंडोज ११ ने मात्र टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि ठरावीक पिढीनंतरचा प्रक्रियक अशा अटी घातल्याने, इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे, म्हणजे साधारणपणे २०१७ च्या आधीचे संगणक अधिकृतरीत्या बाहेर पडले. ज्या शाळांच्या कक्षातील सारी यंत्रे त्या काळातील आहेत त्यांना विक्रेता एकच मार्ग सांगेल, तो म्हणजे सारी यंत्रे बदला. प्रत्यक्षात मार्ग तीन आहेत. शिक्षणसंस्थांना विस्तारित दुरुस्त्यांची सवलत उपलब्ध असून तिचा दर प्रतियंत्र पहिल्या वर्षी एक डॉलर, दुसऱ्या वर्षी दोन आणि तिसऱ्या वर्षी चार असा आहे, त्यामुळे घाईत घेतलेल्या निर्णयाला तीन वर्षांची उसंत मिळू शकते. दुसरा मार्ग, यंत्रात फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी, म्हणजे हलता भाग नसलेली साठवण, बसवून आणि रॅम वाढवून त्यावर लिनक्स कुळातील मुक्त प्रणाली घालणे. तिसरा मार्ग अर्थातच नवी खरेदी, पण ती सगळ्या कक्षाची एकदम न करता दरवर्षी काही यंत्रांची, जेणेकरून पुढच्या मुदतीला सारा कक्ष एकाच दिवशी म्हातारा होणार नाही.

मुक्त प्रणालीच्या बाबतीत केरळचे उदाहरण दिल्याशिवाय भारतात कोणतीही चर्चा पूर्ण होत नाही, आणि ते योग्यच आहे. फक्त ते पुरते द्यावे. केरळने २००१ च्या सुमारास ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ हा प्रकल्प सुरू केला, शालेय संगणकशिक्षण हळूहळू संपूर्णपणे मुक्त आज्ञावलींवर नेले आणि २०१७ मध्ये या प्रकल्पाचे ‘काइट’ या शासकीय कंपनीत रूपांतर केले. दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांवर मुक्त प्रणाली वापरल्याने तीन हजार कोटी रुपये वाचल्याचा आकडा या संस्थेने २०१९ मध्ये मांडला. या आकड्यामागे प्रतिसंगणक दीड लाख रुपयांचे परवाने घ्यावे लागले असते असे गृहीतक आहे आणि कोणत्याही राज्याने शाळेच्या एका संगणकावर तितके पैसे प्रत्यक्षात कधी घातले असते असे मानणे कठीण आहे. न केलेल्या खर्चाला बचत म्हणताना तो खर्च खरोखर होणार होता काय, हा प्रश्न विचारायलाच हवा. केरळचे खरे यश त्या आकड्यात नाही. शिक्षकांना सलग अनेक वर्षे प्रशिक्षण देणारी मार्गदर्शकांची फळी, पाठ्यपुस्तकांशी जुळवून घेतलेली आज्ञावली आणि २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ या नावाने शाळाशाळांत उभी राहिलेली विद्यार्थ्यांची मंडळे, ही त्या राज्याची गुंतवणूक आहे. परवान्यांचा पैसा वाचला तो या गुंतवणुकीच्या जोरावर. सी-डॅकने २००७ च्या सुमारास ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणाली काढली आणि तिची शाळांसाठीची आवृत्तीही आहे, तरी महाराष्ट्रातील एखाद्या शाळेने शेजारच्या शाळेकडे न पाहता एकटीने तिचा स्वीकार केला, तर अडल्या वेळी विचारायला तालुक्यात कोणी नाही, ही परिस्थिती ओढवते. म्हणून या पुस्तकाचा सल्ला केंद्र पातळीवरचा, म्हणजे एका केंद्रप्रमुखाच्या कक्षेतील दहा-बारा शाळांनी मिळून एकच निवड करण्याचा आहे.

मराठी शाळांच्या बाबतीत प्रणाली बदलण्याच्या आड एक अडसर येतो तो जुन्या फॉन्टांचा. युनिकोड या जागतिक संकेतात प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक आहे; त्यापूर्वीचे मराठी फॉन्ट मात्र इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवून काम भागवत असत, त्यामुळे तो विशिष्ट फॉन्ट नसलेल्या यंत्रावर ‘शाळा सोडल्याचा दाखला’ उघडला तर रोमन अक्षरांचा खिचडा दिसतो. लिपिकाच्या यंत्रावर वीस वर्षांचे दाखले, निकालपत्रके आणि पत्रव्यवहार अशा फॉन्टांत असेल, तर ते यंत्र बदलायला तो विरोध करणारच, आणि त्याचा विरोध हटवाद नव्हे. रूपांतरक आज्ञावल्या उपलब्ध आहेत, मुक्ता किंवा नोटो यांसारखे देखणे देवनागरी फॉन्ट विनामूल्य मिळतात, परंतु रूपांतरित मजकूर एकदा डोळ्यांखालून घालावाच लागतो, विशेषतः रफार आणि जोडाक्षरे. जन्मदिनांक आणि आडनाव यांत चूक झालेला दाखला पुढे जातपडताळणीच्या टेबलावर अडतो. हे काम एका उन्हाळी सुट्टीचे आहे आणि ते टाळत गेल्याचा खर्च दर नव्या यंत्राबरोबर वाढत जातो.

मुद्रकाच्या, म्हणजे प्रिंटरच्या, बाबतीत शाळा ज्या सातत्याने फसतात तितक्या अन्यत्र कोठेही फसत नाहीत. स्वस्त मुद्रक आणि महाग शाई हा या उद्योगाचा जुना धंदा आहे. टोनरच्या खोक्यावर छापलेली पृष्ठसंख्या कागदाचा पाच टक्के भाग शाईने भरेल असे धरून प्रमाणित केलेली असते. मजकुराने ठासून भरलेल्या प्रश्नपत्रिकेवर किंवा काळ्या पट्ट्यांच्या तक्त्यावर ती तितकी भरत नाही. समजा एक मुद्रक पाच हजार रुपयांनी स्वस्त आहे, पण त्याचा पानामागील खर्च दोन रुपये पडतो, आणि दुसऱ्याचा पन्नास पैसे. वर्षाला दहा हजार पाने छापणाऱ्या शाळेत दीड रुपयाच्या या फरकाचे पंधरा हजार होतात आणि पहिल्या चार महिन्यांतच स्वस्ताई फिटते. समग्र शिक्षेच्या निकषांनुसार १०१ ते २५० पट असलेल्या शाळेला मिळणारे संयुक्त शाळा अनुदान वर्षाला पन्नास हजार रुपये आहे, त्यातील किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात आणि वीजदेयक, खडू, रंगरंगोटी, किरकोळ दुरुस्ती सारे त्यातूनच भागवायचे असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या पंधरा हजारांचे वजन कळते. दरपत्रके मागवताना तुलनात्मक तक्त्यात ‘पानामागील खर्च’ असा एक स्तंभ वाढवला, तर सर्वांत कमी दराचा नियमही पाळला जातो आणि नुकसानही टळते, कारण दर कशाचा मोजायचा ते मागणी लिहिणाऱ्याच्या हातात असते.

विजेचा हिशेब त्यामानाने सोपा. जुना काचेचा जड पडदा आणि आजचा सपाट एलईडी पडदा यांच्या वीजवापरात पन्नास वॉटच्या आसपास फरक धरला, तर वीस पडद्यांमागे तासाला एक युनिट; दिवसाला चार तास आणि वर्षाला दोनशे दिवस म्हणजे आठशे युनिटे. त्यापेक्षा अधिक लक्ष द्यावे ते यूपीएसकडे, म्हणजे वीज गेल्यावर काही मिनिटे यंत्र तगवणाऱ्या साधनाकडे. त्यातील शिसे-आम्ल विजेरी उन्हाळी सुट्टीत पडून राहिली की आपोआप उतरते, तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर धरतो आणि जूनमध्ये ती मेलेली आढळते. शिवाय पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांमागे तिचे आयुष्य निम्मे होते, असा ठोकताळा असल्याने चंद्रपूर-नागपूरच्या पत्र्याखालच्या खोलीत ती किती जगेल याचा अंदाज करता येतो. शिपायाने सुट्टीत पंधरवड्यातून एकदा कक्ष उघडून यूपीएस काही तास विजेवर ठेवणे हा यावरचा उपाय असून त्याला एक पैसा लागत नाही. कोकणात शत्रू वेगळा. तेथे आषाढ-श्रावणातील दमट हवेने जोडणीच्या टोकांना गंज धरतो, म्हणून पावसाळ्यात यंत्रे आठवड्यातून एकदा तासभर चालवणे हितकर. आणि पाल ही सर्वत्र समान. वीजपुरवठा-संचाच्या उबेला जाऊन बसलेली पाल स्वतः मरते आणि संचालाही घेऊन जाते. यंत्राच्या मागील रिकाम्या खाचांवर पत्र्याची पट्टी नसेल तर जाड पुठ्ठा कापून लावावा, ही सूचना कोणत्याही परदेशी पुस्तकात सापडणार नाही.

आंतरजालाविषयी थोडक्यात. जोडणीचा वेग वाढवून घेण्याआधी तीच सामग्री तीस यंत्रांवर तीसदा उतरत नाही ना, हे तपासावे. किविक्स या मुक्त साधनाने संपूर्ण मराठी विकिपीडिया एका यंत्रात साठवून जोडणीविना वाचता येतो. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइज’ हा पुरस्कार मिळाला, त्यांच्या कामातील गाजलेला भाग पाठ्यपुस्तकावर छापलेल्या क्यूआर कोडचा होता. शाळेच्या बाजूने त्याचा खर्च छपाईच्या शाईपलीकडे जात नाही. विनामूल्य म्हणून मिळणाऱ्या दूरस्थ साठवणीबाबत मात्र सावध असावे, कारण फुकटाच्या अटी देणारा बदलू शकतो. गूगलने शिक्षणसंस्थांसाठीची अमर्याद साठवण बंद करून २०२२ पासून सबंध संस्थेला मिळून शंभर टेराबाइटची मर्यादा घातली, हे त्याचे ताजे उदाहरण.

शेवटची पायरी निर्लेखनाची, आणि ती शाळांत सर्वाधिक टाळली जाते. निर्लेखनासाठी समिती, ठराव, मूल्यांकन आणि वरिष्ठांची मंजुरी लागते, पुढच्या तपासणीत आक्षेप निघेल अशी धास्ती असते, म्हणून निकामी यंत्रे पंधरा-पंधरा वर्षे एका खोलीत रचून ठेवली जातात. वर्गखोल्या अपुऱ्या असलेल्या शाळेत एक खोली भंगाराने अडवणे हाही खर्चच आहे. ई-कचरा व्यवस्थापनाचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले असून अशी यंत्रे रस्त्यावरच्या भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडे जावीत, हा त्यांचा रोख आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट हार्ड डिस्कची. फाइल ‘डिलीट’ केली की मजकूर नष्ट होत नाही, पुस्तकाचे अनुक्रमणिकेचे पान फाडावे तसे होते. विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, पालकांचे बँक खाते आणि जातीचे तपशील असलेली डिस्क किलोच्या भावाने विकली गेली, तर ती वाचणे कठीण नाही. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो, अर्थात शाळेच्या संगणकातील जवळजवळ सारी माहिती बालकांची आहे. फिरत्या चकतीची डिस्क संपूर्ण पुनर्लेखन करणाऱ्या आज्ञावलीने पुसावी आणि ते शक्य नसेल तर तिला भोके पाडावीत. निर्लेखनाच्या ठरावात तसा उल्लेख असावा.

राहता राहिली परिभाषा. ‘संगणक’, ‘प्रणाली’, ‘मुद्रक’ हे शब्द पुस्तकात आहेत, पण रॅम, माउस, टोनर, राउटर हे जसेच्या तसे ठेवले आहेत, कारण दुकानात ‘मूषक द्या’ म्हणणारा ग्राहक अद्याप जन्माला यायचा आहे. अधिक विचार करावा लागला तो बिघाडांच्या बोलीतील नावांचा. ‘मशीन हँग झाले’, ‘विंडोज उडाली’, ‘नेट गेले’, ‘फॉरमॅट मारावा लागेल’ ही नावे शाळांत इतकी रुळली आहेत की ती बिघाडाचे वर्णन वाटतात. वस्तुतः ती निदाने आहेत आणि बहुधा चुकीची. ‘विंडोज उडाली’ असे वहीत लिहिले की तंत्रज्ञ नवी विंडोज बसवून देतो आणि तेवढ्याचे बिल लावतो. म्हणून वहीच्या पानावर निदानाचा रकाना ठेवलेला नाही. काय दिसले, काय ऐकू आले, काय केले आणि किती लागले, असे चारच रकाने आहेत. पुस्तकाच्या अखेरीस जोडलेल्या नमुनापानावरील पहिली नोंद अशी आहे : यंत्र क्रमांक ७, पडदा काळा, पंखा फिरतो, लांब बीप, पुन्हा पुन्हा, वीज काढून, लोखंडी कपाटाला हात लावून अंगातील स्थिर वीज घालवली, रॅम काढून तिची सोनेरी टोके खोडरबराने हलकेच घासली, परत बसवली, चालू, खर्च शून्य.